बीएला बोलावता, पण सगळं ठरल्यावर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मध्यंतरी कंपन्यांमधले तंत्रज्ञानाचे बदल आणि त्यासाठी लागणारी लीडरशिप यावर लेख आला होता. लेख चांगला होता, सीईओ, सीटीओ, डेटा सायंटिस्ट, एआय इंजिनिअर सगळ्यांचा उल्लेख होता, अगदी चेंज मॅनेजर म्हणून कोणी असतो त्याचाही होता, पण आमचा कुठेच नव्हता. आमचा म्हणजे बिझनेस ॲनालिस्टचा, ऑफिसात ज्याला नुसतं बीए म्हणतात त्याचा. मी गेली अठरा वर्षं हेच काम करते त्यामुळे राग यायला हवा होता, पण खरं सांगू का, आला नाही, कारण ज्या ऑफिसात मी रोज बसते तिथेही प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगला आमचं नाव नसतं, मग पेपरवाल्यांना काय बोलायचं. तरी म्हटलं एकदा लिहून टाकू. पत्र जरा लांबलंय, कापायचं तिथे कापा, फक्त खाली नऊच्या बटणाचा किस्सा आहे तेवढा ठेवा.

आधी हे काम काय असतं ते सांगते कारण माझ्या घरच्यांनाही अजून नीट कळलेलं नाही. कोडिंग करत नाहीस, मॅनेजर पण नाहीस, मग दिवसभर करतेस काय, हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता हसून सोडून देते. तर काम असं, की कंपनीला काहीतरी बदलायचं असतं, नवीन सिस्टीम आणायची असते किंवा जुनी फेकायची असते, आणि प्रत्येकाच्या डोक्यात त्याचं वेगळं चित्र असतं. सेल्सवाल्याला वाटतं सगळं एका क्लिकमध्ये व्हावं, अकाउंट्सवाल्याला वाटतं त्याच्या सहीशिवाय काही हलू नये, आयटीवाला म्हणतो नेमकं काय पाहिजे ते लिहून द्या, आणि ज्याला रोज ती सिस्टीम वापरायची आहे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. आम्ही या सगळ्यांकडे जाऊन बसतो. त्रास नक्की कुणाला होतोय, जो सांगितला जातोय तोच खरा त्रास आहे का, त्यावर सॉफ्टवेअर हाच उपाय आहे की एखादा नियम बदलला तरी भागेल, आणि सॉफ्टवेअर करायचंच असेल तर त्यात काय हवं आणि काय नको, हे खणून काढतो. नको वाला भाग जास्त अवघड असतो बरं का.

लोकांना वाटतं हे आयटी कंपन्यांनी काढलेलं नवीन फॅड आहे. तसं नाहीये. धंद्याच्या कामासाठी कॉम्प्युटर वापरायला सुरुवात केली ती ब्रिटनमधल्या लायन्स नावाच्या, चहाची दुकानं चालवणाऱ्या कंपनीने. त्यांनी स्वतःच लिओ नावाचं मशीन बनवलं आणि १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचे दर आठवड्याचे हिशेब चालवायला लागले. चहा-केकवाल्यांना हे कसं सुचलं असं वाटतं ना? तर मशीन यायच्या कितीतरी आधीपासून, १९३० च्या दशकापासूनच, या कंपनीत एक वेगळा विभाग होता ज्याचं कामच कारकून कसे काम करतात, कुठला कागद कुठून कुठे जातो, कुठला कागद बिनकामाचा आहे हे बघत बसणं. म्हणजे काम समजून घेणारी माणसं आधी आली आणि कॉम्प्युटर नंतर. तिथल्या डेव्हिड कॅमिनर यांना बरेच जण जगातला पहिला सिस्टीम्स ॲनालिस्ट मानतात. आज आपण हा क्रम उलटा केलाय. आधी टूल विकत घ्यायचं, मग एका बीएला पकडायचं आणि सांगायचं की आता याची गरज काय ते लिहून काढ. हे मी गमतीने लिहीत नाहीये, लायसन्सचे पैसे भरून झाल्यावर मला 'बिझनेस केस', म्हणजे हा खर्च का करावा याचं समर्थन, लिहायला लावलेली आहे, एकदा नाही तीनदा.

या व्यवसायाची एक आंतरराष्ट्रीय संस्थाही आहे, आयआयबीए, २००३ साली कॅनडात सुरू झाली. तिच्या गाइडची २०१५ ची आवृत्ती बघितली तर त्यात आमच्या कामाचे सहा मोठे भाग केलेत. त्यात रिक्वायरमेंट, म्हणजे सिस्टीमकडून काय काय हवंय ते, गोळा करणं, लिहिणं, सांभाळणं हे तर आहेच, पण एक भाग स्ट्रॅटेजी ॲनालिसिसचा आहे, म्हणजे मुळात काय बदलायचं आणि का, आणि एक भाग सोल्युशन इव्हॅल्युएशनचा, म्हणजे जे बनवलं त्याचा खरंच उपयोग होतोय का ते नंतर जाऊन बघणं. आणि अंगात काय काय असावं त्या यादीत लीडरशिप असा शब्दच आहे. कागदावर एकदम झकास. प्रत्यक्षात काय होतं, तर या कामाचं डोकं आणि शेपूट दोन्ही छाटलं जातं. का करायचं हे वरचे ठरवून आलेले असतात, उपयोग झाला का हे बघायला बजेट नसतं कारण गो-लाइव्ह झालं, म्हणजे सिस्टीम सुरू झाली, की टीम दुसऱ्या प्रोजेक्टला, आणि आमच्या हातात उरतो मधला धडाचा भाग, म्हणजे मीटिंगचे मिनिट्स लिहा, यूझर स्टोऱ्या (वापरणाऱ्याला काय हवं ते एकेका वाक्यात) लिहा, साइन-ऑफसाठी म्हणजे मंजुरीच्या सहीसाठी लोकांच्या मागे फिरा, टेस्टिंगच्या वेळी यूझर्सना गोळा करून आणा. काही ठिकाणी तर बीए म्हणजे चांगलं इंग्रजी लिहिता येणारी क्लार्क अशीच समजूत आहे.

आता तो किस्सा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, कंपनीचं नाव सांगत नाही, कर्ज देणारी एक कंपनी होती एवढं पुरे. वरच्या लोकांनी ठरवलं की सगळ्या सेवा मोबाइल ॲपवर न्यायच्या, लॉगिन ओटीपीने, ब्रँचमधली गर्दी कमी, कागद बंद. निर्णयाला आधार काय तर एक डॅशबोर्ड, त्यावर हिरव्या रंगात लिहिलेलं की ९९ टक्के ग्राहकांचे मोबाइल नंबर आपल्याकडे आहेत. बोर्डाने मंजूर केलं, व्हेंडर म्हणजे ॲप बनवून देणारी कंपनी ठरली, तारीख ठरली, आणि मग मला बोलावलं की चल आता रिक्वायरमेंट लिहायला घे.

मी सवयीप्रमाणे एका ब्रँचमध्ये जाऊन बसले. अर्धा दिवस, काउंटरच्या मागे, स्टुलावर, काही न बोलता. (नवीन बीए मुलामुलींना सांगते, पहिला तासभर प्रश्नच विचारू नका, तुम्ही हेड ऑफिसमधून आलाय हे विसरायला समोरच्याला तेवढा वेळ लागतोच.) काउंटरवरची बाई भराभर फॉर्म भरत होती, नाव, पत्ता, जन्मतारीख, आणि मोबाइलचा रकाना आला की एक बोट नऊच्या बटणावर ठेवायची आणि रकाना भरेपर्यंत उचलायचीच नाही. मग टॅब, पुढचा रकाना. मला आधी वाटलं माझाच काहीतरी गैरसमज होतोय म्हणून जरा वाकून बघितलं. कीबोर्डवरचे बाकीचे आकडे स्वच्छ दिसत होते, नऊचा आकडा पुसून गेलेला होता, नुसतं काळं गुळगुळीत बटण.

गर्दी ओसरल्यावर विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, लोक नंबर द्यायला कां कू करतात, दिला की वसुलीचे फोन सुरू होतील अशी भीती असते. मी वाद घालत बसले तर मागे रांग वाढते. तासाला किती फॉर्म केले ते वर जातं, नंबर खरा की खोटा ते कोण विचारतंय. आणि रकाना मोकळा सोडला तर तुमची सिस्टीम पुढेच जाऊ देत नाही." तुमची सिस्टीम म्हणाली हे लक्षात घ्या. आणि तिचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. तिला जे मोजलं जात होतं ते ती चोख करत होती, फक्त मोजणाऱ्यांनी चुकीची गोष्ट मोजायला घेतली होती.

संध्याकाळी डेटाबेसमध्ये साधी क्वेरी मारली, कुठला नंबर किती ग्राहकांच्या नावावर आहे. पहिल्या ओळीला सगळे नऊ, हजारो ग्राहक. त्याखाली सगळे आठ. त्याखाली एका एजंटचा नंबर, मग ब्रँचचाच नंबर, मग एका ब्रँच मॅनेजरचा स्वतःचा मोबाइल, शेकडो ग्राहकांच्या नावापुढे. डॅशबोर्ड खोटं बोलत नव्हता, रकाना भरलेला आहे का एवढंच तो मोजत होता आणि रकाने भरलेलेच होते. पण त्या आकड्यावर एक अख्खा प्रोजेक्ट उभा केलेला होता.

मी माझ्या मॅनेजरला दाखवलं. तो वाईट माणूस नव्हता, त्याने पूर्ण बघितलं, खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला हे आत्ता कशाला उकरून काढतेस, तारीख दिलीय वर. मग आम्ही दोघांनी मिळून ते रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या धोक्यांच्या यादीत, टाकलं. चौदाव्या नंबरला. आणि वाक्य काय लिहिलं माहितीये, "काही ग्राहकांचे संपर्क तपशील अद्ययावत नसण्याची शक्यता आहे." गंभीरता मध्यम. हे वाक्य मी स्वतः टाइप केलंय. नऊचं बटण पुसून गेलंय हे डोळ्याने बघून आलेली बाई असं वाक्य लिहिते, विचार करा. स्टीअरिंग कमिटीसमोर, म्हणजे प्रोजेक्टवर देखरेख करणाऱ्या साहेबांसमोर, पहिल्या पाच रिस्क दाखवायची पद्धत होती त्यामुळे चौदावी कुणी बघायचा प्रश्नच नव्हता, आणि मनातल्या मनात मला ते माहीत होतं.

पुढे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. ॲप सुरू झालं, ओटीपी धडाधड जायला लागले, ज्या ब्रँच मॅनेजरचा नंबर शेकडो लोकांच्या नावावर होता त्याचा फोन दिवसभर वाजत राहिला, शेवटी त्याने बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. ब्रँचमधली गर्दी कमी होणार होती ती वाढली, कारण आता लोक ॲप चालत नाही हे सांगायला यायला लागले. मग एका मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, हे आधी कुणालाच कळलं नाही? आणि मी काय केलं, तर रिस्क रजिस्टर उघडून चौदाव्या नंबरची ओळ दाखवली आणि सुटले. सुटले हा शब्द मुद्दाम वापरलाय.

माझ्या दृष्टीने बीएच्या लीडरशिपची गोष्ट तिथे येते. लीडरशिप म्हटलं की लोकांना वाटतं हाताखाली टीम पाहिजे, केबिन पाहिजे. आमच्या हाताखाली कोणीच नसतं, डेव्हलपर आमचं ऐकायला बांधलेला नाही, बिझनेसवाला तर नाहीच. आमच्याकडे एकच गोष्ट असते की आम्ही काउंटरच्या मागे पण बसून आलेलो असतो आणि बोर्डाचं प्रेझेंटेशन पण बघितलेलं असतं, आणि दोन्हीत अंतर किती आहे हे अख्ख्या कंपनीत आम्हालाच ठाऊक असतं. ते अंतर खोलीत सगळ्यांसमोर, रागावतील त्यांच्यासमोर, साध्या भाषेत बोलून दाखवणं हे आमचं काम आहे. मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं की साहेब, या तारखेला ॲप सुरू केलं तर हे इतके हजार ग्राहक आत येऊच शकणार नाहीत, ही यादी, आणि आधी दोन महिने ब्रँचमध्ये नंबर खरे करून घ्यायचे असतील तर तासाला किती फॉर्म हे टार्गेट तेवढ्यापुरतं बंद करा. एवढंच. ते म्हणाले असते नाही, तर नाही. पण मग तो निर्णय माहीत असून घेतलेला ठरला असता.

आता कुणी म्हणेल की एका कंपनीचं उदाहरण घेऊन काय बोलतेस. बरं, एका देशाचं घ्या. कॅनडाच्या केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी फिनिक्स नावाची सिस्टीम फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू केली. जवळपास २ लाख ९० हजार लोकांचे पगार आणि पगाराचे नियम ८० हजारांच्या वर. सुरू झाल्यापासून गोंधळ, कुणाला कमी पगार, कुणाला जास्त, कुणाला महिनोनमहिने नीट पगारच नाही, लोकांच्या घरांच्या हप्त्यांपर्यंत गोष्टी गेल्या. तिथल्या ऑडिटर जनरलने २०१८ मध्ये जो रिपोर्ट दिला त्यात याला अनाकलनीय अपयश म्हटलंय. पण तो रिपोर्ट बघितला तर मला त्यात अनाकलनीय असं काही वाटत नाही, रोजच्या ओळखीचं आहे सगळं. मंजूर बजेटमध्ये काम बसत नाही असं दिसल्यावर प्रोजेक्टच्या अधिकाऱ्यांनी जास्तीचे पैसे आणि वेळ मागितला नाही, सिस्टीममधली महत्त्वाची फंक्शन्सच काढून टाकली किंवा पुढे ढकलली. मागच्या तारखेपासून पगार बदलला तर तो फरक काढणं हे त्यातलंच एक. सरकारी पगारात मागच्या तारखेपासूनचे बदल ही काय अपवादाने होणारी गोष्ट आहे का? कुठल्याही पे क्लार्कला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. एका खात्यात आधी करून बघू म्हणून पायलट ठरला होता, तो रद्द केला. आणि त्याच सुमारास पगाराचं काम एका मध्यवर्ती केंद्रात नेलं, तिथे साडेपाचशेच्या आसपास लोक, आणि खात्याखात्यांत बसलेल्या जवळपास १२०० अनुभवी पे ॲडव्हायजरच्या जागा काढून टाकल्या.

माझं मत सांगते, रिपोर्टमधलं नाही. ते ८० हजार नियम कुठल्यातरी डॉक्युमेंटमध्ये असतीलही, पण कुठला नियम कुणाला कधी लागतो आणि दोन नियम एकमेकांना आडवे आले तर काय करायचं, हे त्या १२०० लोकांच्या डोक्यात आणि ड्रॉवरमधल्या वह्यांत असणार. माणसं गेली, त्यांच्याबरोबर ते पण गेलं. आम्ही जेव्हा म्हणतो की ॲज-इज प्रोसेस, म्हणजे आत्ता काम कसं चालतं ते, समजून घ्यायला दोन आठवडे द्या आणि समोरून उत्तर येतं की जुनं समजून काय करायचंय, आपल्याला नवीनच करायचंय ना, तेव्हा मला ही वह्यांची गोष्ट आठवते. प्रत्येक ऑफिसात एक वही असते, किंवा कुणाच्या तरी लॅपटॉपवर 'फायनल नवीन २' नावाची एक्सेल असते, आणि खरी सिस्टीम तीच असते. ती सापडेपर्यंत बीएचं काम सुरू झालं असं म्हणायचं नाही.

तारखेचं पण बोलायला हवं. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका वीकेंडला जवळपास ५२ लाख ग्राहकांचा डेटा जुन्या सिस्टीममधून नवीन सिस्टीमवर नेला आणि सोमवारी लोकांना स्वतःची खाती उघडेनात, तब्बल १९ लाख ग्राहक अडकले. पुढे २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या नियामकांनी ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला. या प्रकरणाच्या चौकशीत एक गोष्ट पुढे आली ती म्हणजे उजवीकडून डावीकडे केलेलं प्लॅनिंग, म्हणजे शेवटची तारीख आधी ठरवायची आणि मग कामं त्यात कोंबत मागे मागे यायचं. आणि दुसरी, बोर्डाने टोचणारे प्रश्न पुरेसे विचारले नाहीत. आता बोर्डाने प्रश्न विचारायला बोर्डाला काहीतरी माहीत पाहिजे ना. त्यांच्यापर्यंत पोचताना प्रत्येक पायरीवर रंग बदलत जातो, खाली लाल असतं, मॅनेजरकडे पिवळं होतं, स्टीअरिंग कमिटीत हिरवं. मी कलिंगड स्टेटस हा शब्द एका मीटिंगमध्ये वापरला होता, बाहेरून हिरवं आतून लाल, कुणीच हसलं नाही.

अजाइलचं पण सांगते, म्हणजे सॉफ्टवेअर एकदम न बनवता थोडं थोडं बनवत, दाखवत जायची पद्धत. २००१ मध्ये सतरा जणांनी मिळून तिचा जाहीरनामा लिहिला, त्यातली बहुतेक तत्त्वं मला मनापासून पटतात, कागदांच्या ढिगापेक्षा चालतं सॉफ्टवेअर दाखवा वगैरे. पण स्क्रममध्ये, म्हणजे अजाइल काम करायच्या एका चौकटीत, भूमिका तीनच, प्रॉडक्ट ओनर (आधी काय बनवायचं ते ठरवणारा), स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर्स. बीए नाहीच. कंपन्यांनी काय केलं, तर आमच्या कार्डावर प्रॉडक्ट ओनर छापलं आणि अधिकार दिला शून्य. म्हणजे बॅकलॉगमधली, म्हणजे करायच्या कामांच्या यादीतली, एखादी स्टोरी खाली ढकलायची तरी तीन साहेबांना विचारायचं, आणि स्प्रिंट, म्हणजे कामाचा छोटा ठरलेला टप्पा, फसला की मात्र ओनर तू. नावात ओनर असून स्वतःचं काहीच नाही. ज्यांना खरा अधिकार मिळाला ते बीए उत्तम प्रॉडक्ट ओनर झालेत, हे पण मी बघितलंय, सरसकट नावं ठेवत नाही.

आणि आमच्या लोकांबद्दल पण बोललंच पाहिजे, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसतं रडगाणं होईल. आमच्यातले कित्येक जण नव्वद पानांच्या डॉक्युमेंटमागे लपतात. साइन-ऑफ घेतलाय ना, मग माझी जबाबदारी संपली. यूझरने नव्वद पानं वाचून सही केली असेल असं ज्याला वाटतं त्याने हे काम करू नये. दुसरं म्हणजे पैशाची भाषा आम्हाला येत नाही. 'यूझर एक्सपिरिअन्स खराब होईल' असं म्हटलं की वरचे मान डोलावतात आणि पुढच्या स्लाइडवर जातात, पण याच गोष्टीमुळे रोज किती फोन जास्त येतील, त्याला किती माणसं लागतील, असं सांगितलं की मान डोलायची थांबते. तिसरं, डेटा स्वतः उघडून बघायला घाबरतो. ती नऊवाली क्वेरी पाच ओळींची होती, कुणाला मागायची गरज नव्हती. आणि प्रमाणपत्रांचा सोस, ती घ्या, मी पण घेतली आहेत, पण काउंटरमागच्या स्टुलावर बसायचं त्याने शिकवलं जात नाही.

आता सगळीकडे एआय. मीटिंगचं रेकॉर्डिंग टाकलं की मिनिट्स तयार, स्टोऱ्या तयार, ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया, म्हणजे काम झालं असं कधी मानायचं ते, पण तयार. मी रोज वापरते, खोटं कशाला बोलू, टायपिंगचे तास वाचतात. ज्यांचं काम खरोखर तेवढंच होतं त्यांच्या नोकऱ्यांचं काय होईल याची काळजी मला आहे. पण मागच्याच महिन्यातली गंमत सांगते, एका मीटिंगमध्ये गोडाउन सांभाळणारे एक जुने गृहस्थ होते, नवीन स्कॅनिंगच्या पद्धतीबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, "तुम्ही म्हणताय तर होईल." टूलने लिहिलं, गोडाउन विभागाची संमती. ज्याने ते वाक्य कानाने ऐकलंय त्याला कळतं की ही संमती नाहीये, हा नकार आहे, आणि तो पण कायमचा. मी मीटिंगनंतर त्यांच्याबरोबर गोडाउनमध्ये गेले तेव्हा कळलं की मागच्या तीन रांगांत नेटवर्कच येत नाही, आणि हे त्यांनी आधीच्या प्रोजेक्टला दोनदा सांगितलेलं होतं, मग सांगायचं सोडून दिलं. असं सांगायचं सोडून दिलेलं जे असतं ते कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

कंपन्या चालवणारे जे लोक हे वाचतील त्यांच्याकडे माझं मागणं फार मोठं नाही. पगार वाढवा असं पण म्हणत नाहीये (वाढवलात तर नको म्हणणार नाही). ज्या मीटिंगमध्ये काहीतरी बदलायचं असं पहिल्यांदा ठरतं, व्हेंडर यायच्या आधी, तारीख पडायच्या आधी, त्या मीटिंगला एक बीए बसवा आणि तिला दोन आठवडे द्या, ज्या आकड्यांवर तुम्ही उडी मारताय ते आकडे जिथे जन्माला येतात तिथे जाऊन बसायला. ती परत येऊन म्हणाली की हे करू नका, किंवा एवढं मोठं करायची गरज नाही, फॉर्ममधला एक रकाना काढून टाकला तरी पुरे, तर तिला प्रोजेक्टच्या विरोधात आहे असं समजू नका. आणि गो-लाइव्हनंतर सहा महिन्यांनी तिलाच परत तिथे पाठवा. हे शेवटचं कोणीच करत नाही, कारण प्रोजेक्ट यशस्वी झाल्याचा ईमेल आधीच गेलेला असतो आणि तो परत घ्यायची कुणाची तयारी नसते.

मी स्वतः मात्र परवा त्या ब्रँचमध्ये जाऊन आले. ती कंपनी सोडून मला काही वर्षं झाली, माझ्याच काहीतरी कामासाठी गेले होते, काउंटरवर बाई तीच, ओळखलंन मला. सिस्टीममध्ये आता व्हॅलिडेशन लावलंय म्हणे, सगळे नऊ टाकले की लाल अक्षरात एरर येतो. कीबोर्डही नवीन दिलाय. मागे रांग होती म्हणून जास्त बोलता आलं नाही, पण मी बाजूला उभी असताना पुढच्या माणसाचा फॉर्म भरायला तिने घेतलान, मोबाइलचा रकाना आला, तो माणूस जरा घुटमळला, आणि तिने त्याच्याकडे न बघता नऊ, आठ, सात, सहा करत शून्यापर्यंत उतरती आकडे टाकले आणि टॅब दाबलं. एरर आला नाही.

आपली,
एक वाचक, बिझनेस ॲनालिस्ट